ढग, कबुतरं आणि आराबा

ऐक ना, आधी नुसतं ऐक. मध्ये बोलू नकोस, नाहीतर माझा धागा तुटतो. आणि आराबा वाईट बाई आहे असं एवढ्यातच ठरवून टाकू नकोस. शेवटपर्यंत थांब.

आपल्या स्वेड्रूच्या मंडईच्या चौकात दोन केंकेवाल्या समोरासमोर बसतात. भिंतीकडच्या बाजूला आराबा, बदामाच्या झाडाखाली एकुआ. केंकेसाठी आंबवायचं मक्याचं पीठ दोघींचं एकाच गिरणीतलं, उकडायचे गोळे गुंडाळायची केळीची पानं एकाच म्हातारीकडची, मासेही एकाच ट्रकमधून उतरलेले. शाळेत दोघी एका बाकावर बसल्या, एकाच वर्षी दोघींची लग्नं झाली, आणि दर शुक्रवारी ‘विजयी ज्योत’ प्रार्थना मंदिरातही दोघी एकाच रांगेत. फरक काय तो एवढाच, की एकुआचा उजवा गुडघा कित्येक वर्षं धरलेला होता, आणि आराबाचं काही म्हणता काहीच धरलेलं नव्हतं.

आराबा म्हणजे लोखंडी कढई. ताप माहीत नाही, खोकला माहीत नाही, दात सगळे स्वतःचे. पिठाचं भरलेलं पातेलं एकटी उचलते, आणि उचलता उचलता कुणाशी तरी भांडतेसुद्धा. तिला याचा फार अभिमान होता. एका शुक्रवारपर्यंत.

त्या शुक्रवारी पास्टर एशुननी एकुआच्या गुडघ्याला अभिषेकाचं तेल लावलं, डोक्यावर हात ठेवला, अख्खं मंदिर उभं राहून प्रार्थना करत होतं, आणि एकुआने काठी टाकली. टाकली म्हणजे भिरकावलीच, ती जाऊन ढोलवाल्याच्या पायावर पडली. मग एकुआ चालली. वेदीपर्यंत चालत गेली, परत आली, पुन्हा गेली ती नाचत. बायकांनी पांढरे रुमाल हवेत फिरवले. आराबानेही फिरवला, आणि मनापासून फिरवला. मैत्रीण बरी झाली तर आनंद होणारच की. पण तो आनंद रविवारपर्यंतच टिकला.

कारण रविवारी एकुआला पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली, गादीची. सोमवारी चौकात तिचं पोस्टर लागलं. निळ्या रंगावर एकुआ, दोन्ही हात वर, खाली ‘देवाने केलं’. आणि मंगळवारी आराबाचं नेहमीचं गिऱ्हाईक, तो टायरवाला, तिच्यासमोरून मान खाली घालून गेला आणि बदामाच्या झाडाखाली जाऊन उभा राहिला.

“काय रे, रस्ता चुकलास का?” आराबाने इकडून हाक मारली.

“नाही आंटी, तसं नाही. पण तिच्या हाताला आता आशीर्वाद आहे ना. माझी कंबर धरलीय.”

“मग? माझ्या केंकेने धरली का तुझी कंबर?”

“तसं कुठे म्हटलं मी,” असं म्हणून त्याने एकुआकडून दोन जास्तच घेतले.

आराबा अशी काही फसफसली, की आंबवलेल्या पिठानेही लाजावं. एकुआची चटणी पाणचट असते हे अख्ख्या मंडईला ठाऊक होतं. आता तीच चटणी लोक बोटं चाटून खात होते. का, तर गुडघा. एका गुडघ्याने बाई कुठल्या कुठे गेली, आणि हिचे दोन्ही धडधाकट गुडघे काही कामाचे नव्हते.

एवढ्यावर भागलं असतं तर आराबा गिळून गप्प बसली असती. पण महिला मंडळाच्या अध्यक्ष, मदर पेशन्स, लेकीकडे कुमासीला राहायला निघाल्या. ती खुर्ची आराबाच्या डोळ्यांत कधीपासून होती. दरवर्षीच्या मोठ्या मेळाव्यानंतर मंदिरातली करपलेली पातेली कोण घासतं? आराबा. पाहुण्या पास्टरांचे मासे कोण साफ करतं? आराबा. एकुआचा तर गुडघा दुखायचा, ती बसून गाणी म्हणायची. आणि पास्टर एशुन काय म्हणाले? “जिच्या आयुष्यात देवाने काही करून दाखवलंय, अशी बहीण पुढे यावी. उपकारस्तुतीच्या रविवारी साक्षी ऐकू, मग ठरवू.”

“माझ्या आयुष्यात देवाने काहीच केलं नाही,” त्या दिवशी जेवणं झाल्यावर आराबा म्हणाली.

तिचा नवरा एबो रेडिओ दुरुस्त करतो. त्याला कुठलीही गोष्ट उघडून आत काय बिघडलंय ते बघायची खोड आहे. तो म्हणाला, “तुला कधी आजारी पाडलं नाही, हे काय कमी केलं?”

“त्याची साक्ष कोण ऐकणार? उभी राहून काय सांगू? बंधूंनो, भगिनींनो, मला काही झालं नव्हतं, अजूनही काही नाही, आमेन?”

“तुझं पोट दुखतंय सध्या. ते सांग.”

“माझं पोट? कधी?”

“टायरवाल्याने केंके तिकडून घेतला तेव्हापासून.”

आराबाने जे हातात होतं ते फेकलं. नशीब, उशी होती.

पण बी पडलं ते पडलं. बरं व्हायचं तर आधी बिघडायला हवं. आराबाने आपलं अंग डोक्यापासून तपासलं. डोळे? सुईत दोरा ओवताना लोक तिला बोलावतात. पाठ? पातेलं उचलताना रोज चारचौघात दिसते. गुडघा तर एकुआने आधीच घेतलेला, नक्कल केली म्हणतील. शेवटी डावा हात ठरला, आणि दुसऱ्या दिवशी आराबा डोक्याचा रुमाल गळ्यात बांधून, त्यात हात अडकवून चौकात आली.

“अरे देवा, काय झालं गं?” एकुआ समोरून धावतच आली. धावत, बघ. आराबाला तेही टोचलं.

“वर होत नाही. लाकूड झालंय नुसतं.”

“कधीपासून?”

“आतून बरेच दिवस होतं. मी कुणाला बोलले नाही.”

त्या दिवसापासून एकुआ संध्याकाळी आराबाच्या घरी यायची. पाम तेलाच्या सुपाचं भांडं आणायची, आराबाची पानं धुऊन द्यायची, आणि हात मांडीवर घेऊन तेल चोळायची. “बरं वाटतंय का गं?” असं सारखं विचारायची. आता यात अडचण अशी, की चोळून खरंच छान वाटायचं. पण बरं वाटतंय म्हटलं की श्रेय कुणाला? एकुआच्या हाताला. म्हणून आराबा दातओठ खाऊन म्हणायची, “उलट वाढलंय.” एबो तिकडे रेडिओत तोंड घालून बसायचा. एकदा फक्त म्हणाला, “काल डावा होता ना?” तेव्हा आराबाने रुमाल घाईघाईने इकडचा तिकडे केला.

मग आला शुक्रवार. आराबा रांगेत उभी राहिली. पास्टरनी डोक्यावर हात ठेवला. ढोल चढत गेले, बायका गात होत्या, आराबाने मनात बरोबर ठरवलं होतं, गाण्याच्या तिसऱ्या कडव्याला हात सुटायचा, चवथ्याला डोक्याच्या वर. तिसरं कडवं आलं. तिने रुमाल उडवला, हात झपकन वर नेला, आणि वीज गेली.

वीज गेली गं. पंखे थांबले, माईक मेला, काळोख गुडुप. लोक “जनरेटर, जनरेटर” करत बाहेर धावले. आराबा बिचारी अंधारात हात वर करून उभी. खाली करावा तर चमत्कार वाया, वर ठेवावा तर दिसतो कुणाला? दिवे आले तेव्हा ती तशीच होती, आणि दाराशी उभी राहणारी सेविका जवळ येऊन हळूच म्हणाली, “सिस्टर, शौचालय मागच्या बाजूला आहे.”

एकट्या एकुआने पाहिलं. “आराबा, तुझा हात,” म्हणून तिने मिठी मारली आणि रडली. पण एकुआने पाहून काय उपयोग? पास्टर म्हणाले, “छान झालं हं, रविवारी थोडक्यात साक्ष दे, साक्षी पुष्कळ आहेत.” थोडक्यात. एकुआला तर त्यांनी अर्धा तास बोलू दिलं होतं.

आराबा तिथून उठली ती थेट ब्राइटच्या दुकानात. ब्राइट म्हणजे आपला पोस्टरवाला. चौकात, खांबांवर, घरांच्या भिंतींवर जी पोस्टरं दिसतात ती सगळी त्याचीच, आणि खरं सांगायचं तर त्यातली बहुतेक मयताची. कोण गेलं, कधी पुरणार, जेवण कुठे.

“एकुआचं पोस्टर तूच केलंस ना?” आराबाने विचारलं.

“हो आंटी. कसं वाटलं?”

“बारीक वाटलं. मला त्याच्या दुप्पट पाहिजे. उद्या सकाळी चौकात लागलं पाहिजे, तिच्या बरोब्बर वर. माझा हात बरा झालाय.”

ब्राइटने मशीनवर निळा रंग काढला. आराबाने नाक मुरडलं. “हा तिला दिलास. मला ते दे.” तिने भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे एक नमुना टांगलेला होता. वर पांढरे ढग, ढगातून येणारी सोनेरी किरणं, दोन्ही बाजूंना कबुतरं, खाली गुलाबांची रास.

“आंटी, ते दुसऱ्या कामाला असतं.”

“दुसऱ्या म्हणजे?”

“म्हणजे... जे गेले त्यांच्यासाठी.”

“आणि जे बरे झाले ते काय गटारातून आले? ढग कुणाच्या मालकीचे आहेत का?”

“तसं नाही, पण लोकांना वाटेल...”

“लोकांना जे वाटायचं ते वाटू दे. एकुआला कबुतर आहे का? नाही ना? मला दोन्हीकडे पाहिजेत. आणि फोटो मोठा कर. आणखी मोठा. अक्षरांना कशाला एवढी जागा? मला सगळे ओळखतात.”

ब्राइट लहान आहे आराबाहून, आणि आराबाशी वाद घालून जिंकलेला माणूस अजून स्वेड्रूत जन्माला यायचाय. त्याने फोटो मोठा केला. ‘देवाने माझा हात बरा केला’ ही ओळ आधी गुलाबांवर होती, ती सरकत सरकत खालच्या कोपऱ्यात गेली, मुंगीएवढी. फोटोत आराबा आपलं ते सणाचं काळं-पांढरं वस्त्र गुंडाळून, गंभीर चेहऱ्याने बघत होती. हसली असती तर बरं झालं असतं. पण एकुआ तिच्या पोस्टरवर हसली होती ना.

शनिवारी पहाटेच पोस्टर लागलं. आता शनिवार म्हणजे आपल्याकडे मयताचा दिवस, अर्धं गाव काळ्या-लाल कपड्यांत. लोक त्रोत्रो मिनीबसची वाट बघत चौकात उभे होते, आणि त्यांनी वर पाहिलं तर ढगांत आराबा. दोन्हीकडे कबुतरं.

“अगंबाई, ही कधी गेली?”

“परवाच तर मी हिच्याकडून मासा घेतला.”

“हात धरला होता ना तिचा. वर चढला असेल. छातीपर्यंत आलं की संपलंच.”

“पण एवढ्यात पोस्टर?”

“ब्राइटने नवीन मशीन आणलंय.”

कुणीतरी भिंतीकडे पाहिलं. आराबाची जागा रिकामी. पातेलं पालथं. दुसऱ्या दिवसाच्या उपकारस्तुतीची तयारी करायची म्हणून तिने त्या दिवशी धंदा बंद ठेवला होता. पण पालथ्या पातेल्याला कोण विचारणार?

आणि तेवढ्यात आला एबो. नखशिखांत काळ्या कपड्यांत. त्याचा मंकेसिमचा एक म्हातारा काका वारला होता, तो त्याच्या मयताला निघाला होता, आणि चेहरा पडलेला होता कारण पहाटे बायकोने चहासुद्धा केला नव्हता. लोकांनी त्याला वाट करून दिली. टायरवाल्याने त्याचा हात दोन्ही हातांत धरला.

“धीर धर, एबो भाऊ.”

“धरायलाच हवा,” एबो म्हणाला. त्याला वाटलं, काकाची बातमी यांनाही कळली. “सुटलं बिचारं.”

“फार त्रास झाला का?”

“त्याला कमी, घरच्यांना जास्त. शेवटी शेवटी तर नुसती कटकट होती.”

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. एक बाई हळूच म्हणाली, “आणि पुरणार कधी?”

“आजच. मी पोहोचलो की.” आणि एबो त्रोत्रोत चढून गेला. वर बघायची त्याला सवय नाही, तो कायम रेडिओच्या आत बघतो.

आता आराबा कुठे होती? आराबा घरी होती, आणि फार खुशीत होती. उद्यासाठी घेतलेलं नवं कोरं पांढरं वस्त्र तिने अंगावर चढवून बघितलं. आनंदाच्या दिवशी लावतात तशी पांढरी पावडर गळ्याला, खांद्याला, चेहऱ्यालाही फासून बघितली. आरशासमोर साक्षीची तालीम केली, हात वर, हात खाली. शेजारच्या गल्लीत कुणाच्यातरी मयताचे मोठे भोंगे सकाळपासून सुरू होते, म्हणून कानात कापसाचे बोळे घातले. मग उकाड्याने डोळे जड झाले. वस्त्राला सुरकुती पडू नये म्हणून ती बाहेरच्या खोलीत चटईवर अगदी सरळ, पाय जुळवून, हात पोटावर ठेवून आडवी झाली, आणि तिला झोप लागली. आराबाची झोप तुला माहीत नाही. म्हणजे नेहमी घोरते, पण त्या दिवशी पाठीवर नीट सरळ झोपल्यामुळे तेही नाही.

भाड्याचे मंडपवाले आधी आले. त्यांना कुणी बोलवावं लागत नाही, त्यांना वास येतो. त्यांनी आराबाच्या अंगणात काळा-लाल मंडप ठोकला, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. मागून मंडईतल्या बायका आल्या, दारातून आत डोकावल्या, आणि पांढरी आराबा बघून तिथेच गळाठल्या. “घरातच नीट निजवलंय गं,” एकजण म्हणाली. “पावडरसुद्धा लावलीय. एबो दिसतो तसा बेफिकीर नाही.” आत जायचं धाडस कुणी केलं नाही.

आणि मग एकुआ आली. मंडईपासून पळत आली होती, चपला वाटेत कुठेतरी गेल्या होत्या. ती कुणासाठी थांबली नाही. थेट आत गेली, चटईजवळ धपकन बसली, आणि काही बोलायच्या आधी तिने आराबाच्या एका कानातला कापूस काढला. शेवटचं बोलायचं तर ते ऐकू जायला नको का?

कापूस निघाला तशी आराबाला जाग आली. डोळे उघडणार, एवढ्यात तिच्या कानावर पडलं, “आराबा, मी तुझ्यावर जळत आले गं आयुष्यभर.”

आता तूच सांग, असं ऐकल्यावर कोण डोळे उघडेल?

“शाळेत तू पाणी भरलेला हंडा न धरता डोक्यावर न्यायचीस,” एकुआ रडत होती, “मी दोन्ही हातांनी धरूनही सांडायचे. तुझ्या केंकेला जी आंबूस चव येते ती माझ्या केंकेला कधी आली नाही. मी तुझं पीठ चोरूनसुद्धा बघितलं एकदा.”

आराबाने मनात नोंद केली. पण डोळे मिटलेलेच.

“तुझी चटणी खाल्ली की मला माझी पाण्यात ओतावीशी वाटायची. माझा गुडघा बरा झाला ना, तेव्हा मला सगळ्यात जास्त आनंद कशाचा झाला माहितीय? की तुझ्यापेक्षा एक गोष्ट तरी मला जास्त मिळाली. देवाने मला त्याचीच शिक्षा दिली. मला ती खुर्ची नको. ऊठ, आणि तूच बस तिच्यावर.”

आराबाच्या जिवाला असा थंडावा वाटला, की काय सांगू. इतकी वर्षं जळून जळून कोळसा झालेली ती, आणि इकडे समोर दुसरी शेगडी तेवढीच पेटलेली होती. तिला वाटलं, आणखी थोडं बोलू दे. मासे तळण्याबद्दल अजून काही बोलली नाही. म्हणून ती श्वास धरून पडून राहिली.

पण एकुआचं बोलणं संपलं आणि प्रार्थना सुरू झाली. दारातल्या बायकाही गायला लागल्या. एकुआने कमरेला खोचलेली तेलाची बाटली काढली, पास्टरनी गुडघ्यासाठी दिलेली, अभिषेकाची. घाईघाईने कपाळावर ओतायला गेली, आणि अर्धी बाटली आराबाच्या नाकात गेली.

आराबा शिंकली. साधी शिंक नव्हे, लोखंडी कढईची शिंक. पावडरचा पांढरा ढग उडाला, आणि त्या ढगातून आराबा ताडकन उठून बसली.

त्यानंतर जे झालं ते मला नीट सांगता यायचं नाही. काही बायका खिडकीतून गेल्या. मंडपवाला खांब सोडून पळाला, तो मंडप टायरवाल्यावर पडला. आणि त्याखालून त्याने सगळ्यांना ओरडून सांगितलं की एकुआने मेलेली बाई उठवली.

“अहो, मी झोपले होते,” आराबा म्हणत होती. पण कुणाच्या कानात जाणार? कापूस फक्त तिच्या कानात होता, तरी गाव बहिरं झालं होतं.

पास्टर एशुन आले. ते भले गृहस्थ आहेत, त्यांनी एकदा पोस्टरकडे, एकदा आराबाकडे पाहिलं आणि म्हणाले, “उद्या मंदिरात दोघींच्या तोंडून ऐकू.” संध्याकाळी एबो परतला तर घरासमोर मंडप, आणि लोक त्याच्याकडे रागाने बघतायत. “आत काय बिघडलंय?” त्याने बायकोला विचारलं. आराबाने पहिल्यांदाच उशी फेकली नाही. तिने डोकं धरलं.

रविवारी विजयी ज्योतीत पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेरच्या खिडक्यांवरही माणसं. एकुआ आणि आराबा दोघी पांढऱ्या वस्त्रांत वेदीसमोर. आराबा सकाळपासून घरात येरझारा घालत होती. मेले होते म्हणावं, तर अख्ख्या प्रांतात अशी साक्ष कुणाची नाही, एकुआचा गुडघा त्यापुढे चिल्लर. पण मग उठवलं कुणी? एकुआने. खुर्ची तिचीच. आणि नव्हते मेले म्हणावं, तर डोळे मिटून का पडली होतीस, हे कोण विचारणार नाही? मग हात निघेल, मग रुमाल निघेल, मग उजवा-डावा निघेल.

माईक हातात आला. आराबाने समोर पाहिलं, शेजारी पाहिलं. आणि हातात माईक धरून खोटं बोलायला तिची जीभच उठेना. अंधारात हात वर करणं वेगळं, हे वेगळं.

“मी मेले नव्हते,” ती म्हणाली. “मी झोपले होते.”

मग पास्टर एशुनच्या डोळ्यांत पाणी आलं. “ऐकलंत?” ते हळू आवाजात म्हणाले. “किती नम्र बहीण आहे. आपण ज्याला मरण म्हणतो, त्याला देवाच्या घरी नुसती झोप म्हणतात. जी तिथे जाऊन आलीय, तीच असं बोलू शकते.”

“आमेन,” अख्खं मंदिर गरजलं, आणि ढोल सुरू झाले. आराबा माईकमध्ये “नाही, खरंच झोपले होते, रोज झोपते तशी” म्हणत राहिली, आणि दर वाक्याला लोक आणखी जोरात आमेन म्हणत राहिले.

एकुआ अध्यक्ष झाली. गादीची खुर्ची आता वेदीजवळ गेली. चौकात नवं पोस्टर लागलं, ढग, कबुतरं, सोनेरी किरणं, सगळं, आणि मधोमध एकुआ. आराबापण आहे त्यात. खाली कोपऱ्यात, आडवी. लोक तिच्याकडे येतात हल्ली, केंके घेतात, पण सुटे पैसे हातातून घ्यायला बिचकतात. एक म्हातारी तर रोज येऊन विचारते, “तिकडे माझा नवरा भेटला का गं? कपाटाची किल्ली कुठे ठेवलीय म्हणाला?” आणि समोर बदामाच्या झाडाखाली जी रांग लागते, ती मंडईच्या फाटकापर्यंत. आराबा बघते, आणि पीठ जरा जास्तच जोरात मळते.

आता ऐक, खरी गोष्ट पुढे आहे.

गेल्या आठवड्यात दुपारी चौक रिकामा होता. एकुआ रस्ता ओलांडून आराबाकडे आली आणि शेजारच्या स्टुलावर बसली. बसताना तिने दात आवळले, ते आराबाला दिसलं.

“काय झालं?”

“काही नाही.” मग इकडे तिकडे बघून म्हणाली, “गुडघा पुन्हा दुखतोय. ते ढगांचं पोस्टर लागलं त्याच्या पुढच्याच आठवड्यापासून.”

“मग काठी घे ना.”

“कशी घेऊ? वर बघ. दोन-दोन पोस्टरं आहेत माझी. लंगडायला घरी जाते मी, दार लावून.”

आराबाचे हात पिठातच थांबले. एवढे दिवस ज्या गुडघ्यावर ती जळत होती, तो गुडघा असा. तिला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

“कधी कधी वाटतं, माझं काहीच खरं नाही,” एकुआ म्हणाली. “मग मी तुझ्याकडे बघते. तू समोर बसून पीठ मळत असतेस, भांडत असतेस. तेव्हा वाटतं, गुडघ्याचं काहीही असो, एवढं तर माझ्या प्रार्थनेने झालं.” तिने आराबाचा पिठाने माखलेला हात धरला, डावा. “आराबा, इथे दुसरं कुणी नाही. मला खरं सांग. तू गेली होतीस ना?”

आराबाने तिच्याकडे पाहिलं. वर पोस्टर होतं, ढग होते, आणि समोर एकुआचे डोळे. ‘नाही’ या एका शब्दात सगळं फिटलं असतं, गादी, रांग, पाणचट चटणी, सगळं. तो शब्द जिभेवर आला होता. टायरवाला लांबून येत होता, म्हणजे वेळही फार नव्हता.

आता तू सांग. हसू नकोस, नीट विचार करून सांग. तू असतीस तर काय म्हणाली असतीस?